साग्नेचा फ्योर्ड: व्हेल बघून लगेच परत फिरू नका

मॉन्ट्रियलमधल्या आपल्या मंडळींचा ऑगस्टचा एक ठरलेला प्लॅन असतो. लाँग वीकेंड आला की क्यूबेक सिटी, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून सेंट लॉरेन्स नदीकाठचं तादुसाक गाव, व्हेलची बोट, फोटो, आणि संध्याकाळी परत. व्हेल बघणं भारीच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मला प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं की अरे, तुम्ही नुसत्या दारात उभं राहून परत आलात! त्या दाराच्या आत साग्नेचा शंभरेक किलोमीटर लांब फ्योर्ड आहे, त्याच्या काठानं पार्क आहेत, गावं आहेत, कडे आहेत, आणि व्हेल दारात का जमतात तेही आत गेल्यावरच नीट कळतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

आधी थोडा भूगोल. साग्ने नदी लाक-सँ-जाँ नावाच्या मोठ्या तलावातून निघते, शिकुतिमी शहरापर्यंत नदीसारखी वाहते आणि तिथून पुढे तिचा फ्योर्ड होतो, म्हणजे हिमनदीनं खरवडून खोल केलेली दरी आणि त्यात शिरलेला समुद्र. मुळात तिथली जमीन कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन समांतर भेगांच्या मध्ये खचली होती, हिमयुगात बर्फ त्याच खाचेतून सरकला, तळ अजून खोल केला, आणि बर्फ वितळल्यावर समुद्र आत आला. कडे साडेतीनशे मीटरपर्यंत उंच आणि पाण्याची खोली सगळ्यात जास्त तिथे २७५ मीटरच्या आसपास, म्हणजे जेवढं वर दिसतं जवळजवळ तेवढंच खाली आहे. शिवाय हा फ्योर्ड थेट समुद्रात उघडत नाही, सेंट लॉरेन्सच्या रुंद मुखात उघडतो आणि खुला अटलांटिक तिथून शेकडो किलोमीटर लांब राहतो. तरीसुद्धा पाणी खारं आणि भरती-ओहोटी अगदी शिकुतिमीपर्यंत.

क्यूबेक सिटीहून १३८ नंबरच्या रस्त्यानं शार्लवा नावाच्या डोंगराळ भागातले चढउतार करत आलं की बे-सँत-कॅथरीनला रस्ता पाण्यापाशी संपतो. पुढे पूल नाही, फेरी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते आणि दहाएक मिनिटांत पलीकडे तादुसाकला सोडते. गाडीतच बसून राहू नका, खाली उतरून कठड्यापाशी जा. माझे आईबाबा आले होते तेव्हा बाबा फेरी सुटताक्षणी कठड्याला जाऊन उभे राहिले. बाबा सांगलीचे, आख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, पाणी दिसलं की आधी रंग बघतात, मग वेग, मग गाळ. म्हणाले, "अगं, हे एवढं काळं कशानं? गाळ तर दिसत नाही." आणि खरंच गाळ नाहीये. उत्तरेकडच्या जंगलांतून आणि दलदलीतून येताना कुजलेल्या पानांचा, खोडांचा रंग पाण्यात उतरतो, त्यामुळे ते गडद तपकिरी, जवळजवळ काळं दिसतं. ओंजळीत घेतलं तर बऱ्यापैकी स्वच्छ असतं.

आता मेन मुद्दा, जो कळला की बाकी सगळं आपोआप जुळत जातं. फेरी जिथून जाते तिथे पाण्याखाली एक उंबरठा आहे. हिमनदीनं मागे ठेवलेला उंचवटा, आणि त्याच्यावर पाणी जेमतेम वीसेक मीटर खोल. उंबरठ्याच्या आत दोन-अडीचशे मीटरचे खड्डे आणि बाहेर सेंट लॉरेन्सच्या तळाशी एक प्रचंड खोल दरी, अटलांटिकपासून हजारभर किलोमीटर आत येणारी, आणि ती नेमकी तादुसाकच्या समोर येऊन संपते. खोल समुद्रातलं थंडगार पाणी या दरीतून येतं, इथे भिंत लागते, वर चढतं, येताना अन्न वर आणतं, मग क्रिलचे, म्हणजे झिंग्यासारख्या बारीक जिवांचे, थवेच्या थवे जमतात, त्यांच्यामागे छोटे मासे, आणि त्या सगळ्यांच्या मागे मिंकी, फिन, हंपबॅक, नशीब असेल तर ब्लू व्हेलसुद्धा. लोक म्हणतात तादुसाकला व्हेल "येतात". त्या जेवायला येतात, आणि ताट या उंचसखल तळानं वाढलेलं असतं.

भरतीच्या वेळी, विशेषतः मोठ्या भरतीला, बाहेरचं थंड खारं पाणी उंबरठा ओलांडून आत सांडतं. ते जड असल्यामुळे सरळ तळाला जाऊन बसतं आणि वरून नदीचं हलकं, गोडसर, तपकिरी पाणी बाहेर निघालेलं असतं. म्हणजे एकाच जागी दोन पाणी. वरचे साधारण दहा मीटर निमखारे आणि उन्हाळ्यात पोहण्याइतके कोमट, त्याच्याखाली एकदम शून्याच्या जवळपास तापमानाचं खारं पाणी, बाराही महिने. कोकणातल्या खाडीत गोडं-खारं एकमेकांत मिसळतं ते आपल्याला माहीत असतं, इथे मात्र खोली इतकी आणि तापमानातला फरक इतका की दोन्ही थर वेगळेच राहतात. त्यात वरचं पाणी गडद, प्रकाश फार खाली जात नाही. त्यामुळे खालच्या थरात आर्क्टिकमधले जीव नांदतात, ग्रीनलँड शार्कसुद्धा सापडलाय. आणि भरती नवीन पाणी आत ढकलत राहते म्हणून तळाशी ऑक्सिजन टिकतो. काही फ्योर्डमध्ये असा उंबरठा असला की आतलं पाणी तुंबून खालचं जीवनच संपतं, साग्नेत तसं होत नाही.

हे सगळं मी बाबांना फेरीवर सांगायला लागले आणि फेरी पोचलीसुद्धा.

तादुसाकमध्ये सगळे बोटीची रांग लावतात. माझा सल्ला, बोट करायची तर करा, पण त्याआधी किंवा नंतर पॉइंट-द-लिलेच्या खडकांवर तासभर बसा. छोटी पायवाट आहे, खडक थेट पाण्यात उतरतात, आणि मिंकी व्हेल कधीकधी इतक्या जवळून जाते की तिचा श्वास कानावर येतो, फुस्स करून. इंजिनाचा आवाज नाही, उलटीची भीती नाही, पैसे नाहीत. गावात व्हेलवर संशोधन करणाऱ्या संस्थेचं म्युझियम आहे, तिथले सांगाडे आणि आवाजांची रेकॉर्डिंग मुलांना खूप आवडतात. १७४७ सालचं लाल छपराचं लाकडी चॅपल आहे, आणि फ्रेंचांनी १६०० साली जिथे फरचा व्यापार सुरू केला त्या जागेची लाकडी प्रतिकृती आहे. अर्थात त्याच्या कितीतरी आधीपासून इन्यू हे मूळचे लोक इथे होते आणि व्यापारही त्यांच्याच जिवावर चालला, हे तिथल्या पाट्या वाचताना लक्षात ठेवा. गावाबाहेर वाळूच्या उंच टेकड्या आहेत, त्यावरून समोरचं सेंट लॉरेन्स बघायला संध्याकाळी जा.

इथून खरी सुरुवात. शिकुतिमीच्या खाली फ्योर्डवर एकही पूल नाही, म्हणून उत्तरेच्या बाजूनं १७२ नंबरचा रस्ता धरून वर जायचं, शिकुतिमीला पूल ओलांडायचा आणि दक्षिणेच्या बाजूनं १७० नं खाली यायचं. असा फेरा केला की दोन्ही काठ होतात. पार्क दोन आहेत, हा घोळ आधी सोडवते. जमिनीवरचा पार्क क्यूबेक सरकारचा, १९८३ चा, आणि त्याला "राष्ट्रीय" म्हणतात कारण क्यूबेकमध्ये प्रांताच्या पार्कांनाच राष्ट्रीय म्हणतात. पाण्याचा पार्क वेगळा, १९९८ चा, क्यूबेक आणि कॅनडा दोघं मिळून चालवतात, त्यात फ्योर्डचा बराच भाग आणि सेंट लॉरेन्सचा लगतचा पट्टा येतो, १,२४५ चौरस किलोमीटर. पाण्याच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत सगळं त्यात येतं. तिकीट जमिनीवरच्या पार्कचं लागतं, आधी ऑनलाइन काढा, ऑगस्टमध्ये कॅम्पिंगच्या जागा फार लवकर भरतात.

१७२ वरचं पहिलं मोठं ठिकाण म्हणजे सँत-मार्गरीतचा उपसागर, आणि माझ्या मते संपूर्ण फ्योर्डवर एकच जागा बघायची असेल तर ही. पार्कच्या केंद्रापासून सपाट पायवाटेनं तीनेक किलोमीटर चाललं की लाकडी मचाण लागतं, तिथून खाली उपसागराचं तोंड दिसतं. इथे उन्हाळ्यात बेलुगा येतात, पांढऱ्या व्हेल, आणि पिल्लांना घेऊन येतात. उपसागरात तेव्हा बोटींना बंदी असते, कयाकलासुद्धा, म्हणजे बेलुगा बघायच्या तर किनाऱ्यावरूनच. मला हा नियम मनापासून पटतो. माय-लेकरं आवाजानं एकमेकांना धरून असतात, इंजिनाचा गोंगाट झाला की पिल्लाची बारीक हाक आईपर्यंत पोचत नाही.

आम्ही गेलो तेव्हा वारा होता आणि पाण्यावर सगळीकडे फेसाचे पांढरे ठिपके. आई सारखी बोटानं दाखवायची, ते बघ, ते बघ, आणि तो फेस निघायचा. तिथल्या पार्कच्या मुलीनं युक्ती सांगितली की फेस उठतो तिथेच विरतो, बेलुगा मात्र पुढे सरकते आणि परत त्याच रांगेत वर येते. मग नजर बसली. पाठीवर पंख नसतो, त्यामुळे नुसती गुळगुळीत पांढरी पाठ वर येते, सावकाश वळते आणि खाली जाते, आणि तिच्या अंगाला चिकटून एक राखाडी, अर्ध्या लांबीची पाठ. पिल्लं पांढरी नसतात, पूर्ण पांढरं व्हायला बरीच वर्षं लागतात. एकदा ती राखाडी पाठ दिसायला लागली की आपण पांढऱ्या सोडून तिलाच शोधत राहतो. आई तर बाकावरून उठायलाच तयार नव्हती.

या बेलुगांची गोष्ट ऐकून मला अजूनही वाईट वाटतं. आर्क्टिकच्या बाहेर इतक्या दक्षिणेला राहणारा हा एकटाच कळप, थंड पाण्यामुळे मागे टिकून राहिलेला. एकोणिसाव्या शतकात ते हजारोंनी होते. मग तेलासाठी, कातड्यासाठी शिकार झाली, आणि १९३० च्या दशकात तर कॉड आणि सामन कमी होतायत ते बेलुगा खातात म्हणून, असं म्हणत सरकारनंच एका शेपटीमागे १५ डॉलरचं बक्षीस लावलं. त्या काळातले १५ डॉलर! नंतर व्लादिकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञानं मारलेल्या बेलुगांची पोटं तपासली तर त्यात कॉड-सामन अगदी नगण्य. पण तोपर्यंत किती मेल्या असतील. शिकारीवर बंदी यायला १९७९ उजाडलं. त्यानंतर कारखान्यांची रसायनं, त्यांच्या चरबीत साठलेली विषं, किनाऱ्याला लागलेल्या मृत बेलुगांमध्ये सापडलेले कॅन्सर. २०२३ च्या नव्या अंदाजानुसार त्या साधारण १,८५० च्या आसपास आहेत आणि अजूनही धोक्यातल्या यादीत आहेत. म्हणून कोणी "आमची बोट बेलुगाच्या एकदम जवळ नेते" असं सांगत असेल तर त्या बोटीत बसू नका. पाण्याच्या पार्कच्या हद्दीत त्यांच्यापासून ४०० मीटर लांब राहायचा नियम आहे.

पुढे सँत-रोज-द्यु-नॉर लागतं, डोंगराच्या खोबणीत बसलेलं छोटं गाव. धक्क्यावर बसून डबा खायला छान, वरच्या टेकडीवर एक चढ आहे तो करा, बास. पुढे शिकुतिमी.

शिकुतिमी आणि फ्योर्डच्याच एका उपसागराकाठचं ला बे इथे बाबा सगळ्यात जास्त रमले. जुलै १९९६ मध्ये या भागात भयंकर पूर आला होता. दोन दिवसांत काही ठिकाणी दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस. हा आकडा ऐकून बाबा पटकन म्हणाले, "एवढा तर महाबळेश्वरला एका दिवसात पडतो." पण इथली माती, इथली धरणं, इथल्या नद्यांची पात्रं त्या पावसाच्या हिशेबानं नव्हतीच. लाक हा! हा! नावाच्या तलावाचा मातीचा बांध फुटला, आख्खा तलाव खाली ला बेवर आला, वाटेतली घरं, झाडं, जमीन घेऊन. शिकुतिमीत एक छोटं पांढरं घर पाण्याच्या लोंढ्यात जसंच्या तसं उभं राहिलं, आजूबाजूचं सगळं गेलं, ते आता म्युझियम आहे. त्याच्या पायाखालचा उघडा पडलेला खडक बघत बाबा बराच वेळ उभे होते. घर खडकावर होतं म्हणून राहिलं, हे त्यांनी आम्हाला निदान चार वेळा सांगितलं. २०१९ ला सांगलीच्या घरात पाणी शिरलं होतं तेव्हापासून पुराबद्दल ते फार बोलत नाहीत, त्या दिवशी मात्र भरभरून बोलले. ला बेला याच पुराची आठवण म्हणून रस्त्यावरच्या त्रिकोणी पाट्यांचा पिरॅमिड उभारलाय, साधारण ३,००० पाट्या, आत शिरून वर चढता येतं.

आणि या पुराचा एक परिणाम पाण्याखाली झाला. फ्योर्डच्या तळाशी कित्येक वर्षं कारखान्यांचा पारा आणि इतर घाण गाळात साठत आली होती. पुरानं एका झटक्यात लाखो टन स्वच्छ चिकणमाती आणून त्याच्यावर अंथरली आणि ला बेच्या बाजूचा विषारी गाळ खाली गाडला गेला. शास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षं तो थर टिकतो का, तळाचे जीव परत येतात का याचा अभ्यास केला. ही चिकणमाती मुळात जुन्या समुद्राची, बर्फ वितळल्यावर समुद्र या भागावर पसरला होता तेव्हा साठलेली, आणि ती भिजून हलली की पाण्यासारखी वाहते. ४ मे १९७१ ला सँ-जाँ-व्हिआने नावाचं गाव याच मातीत रात्रीतून खचलं, ३१ माणसं गेली, गावच कायमचं उठवावं लागलं. फ्योर्डचे कडे बघताना सगळं किती पक्कं वाटतं, पण याच भागात जमीन अशीही आहे.

ला बेला हिवाळ्यातही जा. उपसागर गोठतो आणि बर्फावर रंगीत लाकडी खोप्यांचं गावच वसतं, रस्ते, पाट्या, सगळं. आम्ही फेब्रुवारीत एक खोपी भाड्यानं घेतली होती. आत लाकडाची शेगडी, बाकडी आणि जमिनीत म्हणजे बर्फात भोकं, खाली काळं पाणी. दोरी सोडत राहायची, सोडत राहायची, शिसं तळाला टेकेपर्यंत, हात दुखतात. मग तळाजवळ सेबास्त लागतो, भडक नारिंगी-लाल मासा, काटेरी पाठ, आणि इतक्या खोलातून एकदम वर आल्यामुळे डोळे बाहेर आलेले. इतका लाल मासा पांढऱ्या बर्फावर पडतो तेव्हा बघतच राहावंसं वाटतं. घरी आणून हळद-मीठ-तिखट, वरून रवा, आणि तव्यावर. मांस घट्ट, गोडसर, काटा सोपा. पापलेटवाल्यांनासुद्धा आवडेल.

आता दक्षिण काठ. बे-एतेर्निते हा पार्कचा सगळ्यात भव्य भाग, इथे दोन प्रचंड कडे आमनेसामने आहेत, काप त्रिनिते आणि काप एतेर्निते. त्रिनितेला तीन पायऱ्या आहेत आणि पहिलीवर मेरीमातेचा पांढरा पुतळा, नऊ मीटर उंच. १८७८ च्या हिवाळ्यात शार्ल-नेपोलियन रोबिताय नावाचा फिरता विक्रेता गोठलेल्या साग्नेवरून घोडा घेऊन चालला होता, बर्फ फुटला, पाण्यात गेला, नवस बोलला आणि वाचला. तो नवस त्यानं असा फेडला. लुई जोबँ या शिल्पकारानं पांढऱ्या पाइनच्या लाकडात मूर्ती घडवली, वरून शिशाचा पत्रा चढवला, आणि एवढं धूड कड्यावर चढेना म्हणून तुकडे करून वर नेऊन १८८१ मध्ये जोडलं. पुतळ्यापर्यंतची पायवाट येऊन-जाऊन साडेसात किलोमीटरच्या आसपास, चार तास धरा, सुरुवातीला पायऱ्याच पायऱ्या. आईबाबा वर आले नाहीत, ते बोटीनं खालून गेले, आणि आईचं म्हणणं की खालूनच जास्त छान दिसतं, कारण बोट कड्याला अगदी चिकटून थांबते, वर मान करून बघावं तर कडा डोक्यावर आल्यासारखा, आणि कड्यापासून दोन हात अंतरावर खाली पाणी शेकडो फूट खोल. मी वरून बघितलं, ती खालून, आमचं अजून एकमत नाही. जमलं तर दोन्ही करा.

शेजारचं लाँस-सँ-जाँ राहायला चांगलं. १९२९ सालचा छप्पर असलेला लाकडी पूल आहे, तो पूर्वी कॅनडाच्या हजार डॉलरच्या नोटेवर छापलेला असायचा. गावाच्या वर तबातियेरचा पॉइंट आहे, गाडी अगदी जवळ जाते, गुडघेदुखीवाल्यांना तो कड्यांचा देखावा तिथून आरामात मिळतो.

एक गोष्ट सांगायचीच आहे. काही वर्षांपूर्वी ला बेजवळ गॅस द्रवरूप करून मोठ्या जहाजांनी फ्योर्डमधून न्यायचा प्रकल्प येणार होता. नोकऱ्यांसाठी बऱ्याच जणांना तो हवा होता, आणि त्यात चूक काय, हा ॲल्युमिनियमच्या कारखान्यांवर जगणारा भाग आहे. पण प्रत्येक जहाज त्याच उंबरठ्यावरून, त्याच माय-लेकरांच्या मधून जाणार होतं. क्यूबेकनं २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारनं २०२२ मध्ये नकार दिला, आणि २०२३ मध्ये पाण्याचा पार्क वाढवायचा प्रस्ताव जाहीर झाला. मला त्याचा फार आनंद झाला होता, अजूनही आहे.

बाकी, जूनमध्ये जाणार असाल तर काळ्या माशा चावून हैराण करतात, जाळीची टोपी न्या. पाण्यावर ऑगस्टमध्येही जॅकेट लागतं. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी चालत नाही, बोंजूर आणि मेर्सीनं सुरुवात केली की लोक फार प्रेमानं मदत करतात. शाकाहारी असाल तर डबा सोबत ठेवाच, तिथली प्रसिद्ध तुर्तियेर म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली खोलगट 'पाई'. आणि ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला रानटी ब्लूबेरीच्या करंड्या विकायला असतात, छोट्या छोट्या, दुकानातल्यापेक्षा कितीतरी आंबटगोड, दोन तरी घ्या, एक गाडीतच संपते.